गवसणी

बंदूक चोपड्याच्या ठाण्यात जमा आहे,
मागच्या निवडणुकीपासून.
आचारसंहिता उठली, सरपंच बदलला,
ठाण्यातला हवालदारही बदलून गेला.
पावती मात्र आप्पांच्या खिशात,
घडीवर घडी पडून चार तुकडे झालेली.

तरी पौषातल्या शनिवारी आप्पा म्हणालेच,
"चाला, शिकारले जाऊत."
आणि बोलेरो भरली.
ताडपत्री, कांबळी, कळण्याचं पीठ,
बामणोदची वांगी, पऱ्हाटीचा भारा,
निंबाकाकांचं इन्सुलिन बर्फाच्या डब्यात,
आणि बंदुकीची ती खाकी गवसणी,
जिच्यात आता एक छत्री, एक उलथणं
आणि तंबूचा मधला बांबू.

शिकार म्हणायचं फक्त.
तीस वर्षांत या बंदुकीनं काय मारलं?
एक मडकं.
आणि एकदा, साफ करता करता,
रेशमाकाकूंचा रेडिओ,
ऐन बाजारभाव सांगताना.

अनेर या दिवसांत घोट्याएवढी.
खजान पावरा पाड्यावरून चालत आला,
बॅटरी दाताखाली धरून
त्यानं ओजसला दगड उचलायला शिकवलं:
प्रवाहाच्या खालच्या अंगानं, हळू,
म्हणजे गढूळ पाणी आपल्याकडे येतं
आणि खेकड्याला वाटतं, रात्रच सरकली.
ओजस आठ वर्षांचा, नाशिकचा,
त्याला सिंह हवा होता.
अंगठ्याला नांगी लागली तेव्हा
तो रडला नाही; विचारलं,
"हा मोजायचा का?"

पऱ्हाटी तडतडली. वांग्यांची सालं काळी झाली.
रेशमाकाकूंनी बडगीत मिरच्या ठेचल्या,
सगळ्यांनी भरीत भाकरीवरच घेतलं,
ताटं घरीच राहिली होती
आणि ती कुणी विसरली
यावर दोन तास भांडण.
सातपुड्याच्या बाजूनं गार वारं सुटलं
तेव्हा कुठे ते मिटलं.

तीन वाजले असतील.
सालांच्या ढिगाशी खसखस.
ताडपत्रीच्या फटीतून मी पाहिलं:
डुकरीण, आणि मागे पाच पिल्लं,
पट्ट्यापट्ट्यांची, जणू कुणी
उरलेल्या सतरंजीतून कापलेली.

आप्पा बाहेर बसलेले होते आधीच.
उठले नाहीत. हात उठले फक्त.
डावा पुढे, उजवा गालाशी,
एक डोळा मिटलेला.
दोन हातांमध्ये काहीच नव्हतं,
थोडा धूर होता विस्तवाचा.
डुकरिणीनं मान वर केली.
किती वेळ, सांगता येत नाही.
मग आप्पांचा खांदा
जरासा मागे गेला, धक्का बसल्यासारखा,
आणि ती सगळी
करवंदीच्या जाळीत विरघळली.

माझ्या कुशीतून ओजस कुजबुजला,
"लागली?"
"चुकनी रे भो," आप्पा म्हणाले,
आणि तळहात पँटला पुसले.

मीही विचारायचे, त्याच्याएवढी असताना.
हरभऱ्याच्या मचाणावर,
कानांत बोटं घालून.
आवाज व्हायचा, बगळे उठायचे,
आप्पा म्हणायचे, चुकनी.
सकाळी आई उकरलेल्या वाफ्यात उभी राहून
बंदुकीला आणि आप्पांना
एकाच दमात शिव्या द्यायची.
नेम कसा होता आप्पांचा,
हे आम्ही कधी मोजलंच नाही.
मडकं मात्र साठ पावलांवरून फुटलं होतं.

सकाळी सगळं दवानं ओलं.
खजाननं माग पाहिला,
पाच बोटं दाखवली, हसला,
आणि चहात तिसऱ्यांदा साखर घातली.
आप्पांनी खिशातली पावती काढली,
एका सपाट दगडावर उन्हाला मांडली,
चार तुकडे, चार खडे वर.
शिक्का अजून वाचता येत होता,
नंबरातला शेवटचा आकडा नाही.
"सात व्हता," आप्पा म्हणाले.
काकू म्हणाल्या, "नऊ."
निंबाकाका सुई शोधत होते.
ओजस गवसणी खांद्यावर टाकून
नदीत उभा,
छत्रीची मूठ बाहेर डोकावत असलेली,
आणि एकेक दगड
खालच्या अंगानं, हळू,
उचलून पाहत.